गाडीची बखर आणि गाडीचे कागद

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घराघरांत जुनी गाडी घेण्याची चर्चा सुरू होते. आजोबांना दवाखान्यात न्यायचं असतं, मुलीला नोकरीसाठी ये-जा करायची असते आणि नवी गाडी बजेटमध्ये बसत नाही. मग कोणीतरी सांगतो, "एका डॉक्टरांची गाडी आहे. दहा वर्षांत फक्त चाळीस हजार चालली आहे. डोळे झाकून घ्या." वाचकहो, डोळे उघडायची वेळ हीच!

इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो, की बखर मागाहून लिहिली जाते आणि कागद त्या त्या वेळी तयार होतो. विकणाऱ्याचं बोलणं ही बखर. सर्व्हिसिंगची बिलं हे कागद. ती कंपनीच्या वर्कशॉपची असोत की गल्लीतल्या मेस्त्रीची, कानडीत असोत की मराठीत, त्यांवर तारीख, किलोमीटर आणि केलेलं काम लिहिलेलं असलं की पुरे. ती तारखेप्रमाणे लावा. किलोमीटरचा आकडा मध्येच कमी झाला, तर मीटरला हात लागला आहे का, हे स्पष्ट विचारा.

इंजिन ऑइल बदलण्यासाठी कंपनीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात. जो आधी भरेल तो धरायचा. रोज बाजारापुरतीच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोलचा अंश राहतो, पुढे गाळ धरतो. म्हणून 'कमी चालली' एवढ्यावर भाळू नये. ब्रेक ऑइलही हवेतली ओल शोषून घेतं. ते वर्षानुवर्षं बदललं नसेल, तर चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना ब्रेक तापून दगा देऊ शकतात. इंजिनात टायमिंग बेल्ट असेल, तर तो मुदतीत बदलल्याचं बिल पाहाच. तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि खर्च बेल्टच्या कितीतरी पट होतो.

गोव्याच्या किनाऱ्याकडून आलेल्या गाडीचं मॅटिंग उचलून खालचा पत्राही बघावा. खारी हवा गंज लवकर आणते.

"पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालंय की," असंही सांगितलं जातं. त्याने नोंदणी ५ वर्षांसाठी वाढते, हे खरं. पण ती एका दिवसाची परीक्षा. वर्षभर अभ्यास केला होता का, हे तिच्यावरून कळत नाही.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी नीट सांभाळलेल्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. नव्वद हजार चाललेली, पण बिलांची फाईल असलेली गाडी आणि चाळीस हजार चाललेली, पण एकही कागद नसलेली गाडी समोर आली, तर मी पहिलीच घेईन. फाईल नसलेली घ्यायची झालीच, तर सगळी ऑइलं, कूलंट आणि बेल्ट बदलण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करून बोलणी करा. आणि पहिल्या दिवसापासून आपली फाईल सुरू करा. उद्या ती गाडी आपल्याकडून घेणाराही आपल्यासारखाच, पै पै साठवलेला माणूस असेल.