पाणी, पानी आणि भाषाविज्ञान

जुलै उजाडला की आबिटुर उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या घरी एकच चर्चा असते : प्रवेश कशाला घ्यावयाचा? येथील अनेक अभ्यासक्रमांची अर्जाची मुदत १५ जुलैला संपते. संगणकशास्त्र, वैद्यक, अभियांत्रिकी ही नावे आईवडिलांच्या मनात आधीच ठरलेली असतात. अशा वेळी एखादी मुलगी ‘श्प्राखविसेनशाफ्ट’, म्हणजे भाषाविज्ञान, असे उत्तर देते आणि घर क्षणभर स्तब्ध होते. ‘त्यात किती भाषा शिकवतात?’ आणि ‘पुढे नोकरी कसली?’ हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना उत्तर देणे आम्हांस आवश्यक वाटते.

भाषाविज्ञान म्हणजे अनेक भाषा बोलता येणे नव्हे. ध्वनी कसे निर्माण होतात, शब्द व वाक्ये कशी घडतात, अर्थ कसा लागतो आणि भाषा काळाच्या ओघात कशी बदलते, याचा तो पद्धतशीर अभ्यास होय. या शास्त्राच्या घडणीत जर्मनीचा वाटा मोठा आहे. लाइपझिगच्या परंपरेतील ऑस्टहोफ आणि ब्रुगमान या तरुण अभ्यासकांनी १८७८ साली ठामपणे मांडले, की ध्वनी बदलतात ते नियमाने, लहरीने नव्हे.

या विचाराचे मोल एका शब्दावरून कळेल. पालीत ‘पानीय’, प्राकृतात ‘पाणिअ’, प्रमाण मराठीत ‘पाणी’ आणि आपल्या कित्येक आज्यांच्या तोंडी ‘पानी’. दोन स्वरांमधील ‘न’ प्राकृतात ‘ण’ झाला, हा एक नियम. पुढे अनेक बोलींत ‘ण’ आणि ‘न’ एक झाले, हा दुसरा. आजी ‘आनि’ म्हणते, ‘लोनी’ म्हणते, ‘कोन’ म्हणते; म्हणजे ती चुकत नाही, आपल्या बोलीचा नियम पाळते. जर्मन ‘वासर’ आणि उत्तरेकडील प्लाटडॉइचमधील ‘वाटर’ यांचेही नाते असेच नियमबद्ध आहे. त्यातला ‘ट’ जुना, ‘स’ नंतरचा. प्रमाणभाषा हीदेखील एक बोलीच. तिला शाळा, छापखाना आणि सत्ता यांचे पाठबळ लाभले, एवढेच. ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी उभे राहावे लागले, त्याच समाजाच्या मुलांना वर्गात ‘पानी’ म्हटल्याबद्दल हसे सोसावे लागले. त्या हसण्याला शास्त्राचा आधार नव्हता, हे सप्रमाण सांगणारी माणसे आपल्यांतून निघावयास हवीत.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. त्यांनी भाषांचा ध्यास सोडला नाही. कोलंबियात ते जर्मन शिकले आणि १९२१ साली बॉन विद्यापीठाकडे जर्मन भाषेतच प्रवेशाचा अर्ज केला. त्यांनी तयार केलेला पाली शब्दकोश व व्याकरण त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध आहे. पालीच्या अभ्यासकाला आजही विल्हेल्म गायगर यांच्या १९१६ च्या जर्मन ग्रंथाकडे वळावे लागते. तो मुळातून वाचण्याची सोय आपल्या मुलांना घरबसल्या लाभली आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. पदवी साधारणतः तीन वर्षांची, १८० क्रेडिटची. सार्वजनिक विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. मात्र ही पदवी वैद्यकासारखी थेट एखाद्या व्यवसायाकडे नेत नाही, हे मुलीने आधीच समजून घ्यावे. अनेक ठिकाणी दुसरा विषय जोडता येतो. तो विचारपूर्वक निवडावा. संगणकाची ओढ असेल तर ट्युबिंगेन, हायडेलबर्ग, झारब्रुकेन येथे संगणकीय भाषाविज्ञान शिकता येते. यंत्राला भाषा कळावी यासाठीचे काम तेथूनच पुढे जाते.

अर्ज भरण्यापूर्वी आपण एक करावे. मुलीला गावी आजीशी फोनवर तासभर बोलू द्यावे आणि आजीच्या परवानगीने ते बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ते ऐकताना मुलगी आजीच्या बोलीतले नियम शोधू लागली, तर तिची निवड योग्य आहे असे समजावे.

जय भीम! नमो बुद्धाय!