भाड्याचा हिशेब उघड झालाच पाहिजे

भाडेकरू दरमहा घरमालकाच्या हाती जी रक्कम ठेवतो, ती नेमकी कशाची किंमत असते? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर देण्याची सक्ती घरमालकावर क्वचितच होते. घरांच्या प्रश्नावर १८७२-७३ साली लिहिताना एंगेल्स यांनी भाड्याची फोड करून दाखविली होती. जमिनीचा खंड, बांधकामाच्या भांडवलावरील व्याज व नफा, दुरुस्ती व विम्याचा खर्च आणि मूळ भांडवलाची क्रमाक्रमाने होणारी परतफेड, असे हे चार घटक होत. म्हणजेच दुरुस्तीचा पैसा भाड्यात आधीच धरलेला असतो. तरीही छप्पर गळू लागले की भाडेकरूकडेच पुन्हा वर्गणी मागितली जाते.

मुंबईचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले. टंचाईच्या त्या काळात श्रमिकांना हे संरक्षण अत्यावश्यक होते. परंतु दशके लोटली, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि गोठलेल्या भाड्यातून तो भागेनासा झाला, हेही स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. मालकांनी याचे निमित्त करून चाळी जीर्ण होऊ दिल्या; आणि बेकायदा पागडी मात्र हिशेबाबाहेर वसूल केली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती उपकर लावून सुमारे १९ हजार ६०० इमारतींचा भार सरकारी मंडळाकडे आला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेले भाडे अवाजवी ठरविले. १९९९ च्या कायद्याने वार्षिक ४ टक्के वाढ दिली व पागडीही अधिकृत केली. एवढे होऊनही ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३० हून अधिक माणसे प्राणास मुकली. भाडे गोठवून वा वाढवून इमारत आपोआप सुरक्षित होत नाही. वसूल झालेला पैसा दुरुस्तीवर खर्च होतो की नाही, यावर ते अवलंबून असते.

जून २०२१ मध्ये केंद्राने राज्यांपुढे आदर्श भाडेकरार कायदा ठेवला. निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, पाणी व वीज तोडू नये, दुरुस्तीची जबाबदारी वाटून द्यावी, या त्यातील तरतुदी स्वागतार्ह आहेत. बेंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली, हे ध्यानी घेतल्यास त्यांचे महत्त्व पटते. परंतु भाड्याचा दर मात्र ‘परस्पर करारावर’ सोडण्यात आला आहे. एका बाजूला घर अडवून बसू शकणारा मालक आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर छप्पर नसलेला कामगार, यांच्यातील करार समानांचा करार नव्हे.

म्हणूनच आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. देखभालीचा आकार भाड्याहून वेगळा दाखवावा; तो प्रत्यक्ष खर्चाइतकाच असावा आणि त्याची बिले भाडेकरूंना पाहावयास मिळावीत. अनामतीतून कपात करावयाची तर पावती दाखवूनच. नेहमीच्या वापराने उडालेल्या रंगाचा खर्च भाडेकरूच्या माथी मारू नये. महाराष्ट्रात मालकाने नोटिशीनंतर १५ दिवसांत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपुरताच. जुन्या चाळीतील अल्प भाड्याच्या चौथाईत एक तुळईही बदलता येत नाही. ही मर्यादा वाढविली पाहिजे.

एखादी खोली भाड्याने देऊन उदरनिर्वाह करणारी विधवा अथवा निवृत्त कामगार आणि शेकडो गाळ्यांचा धनी असलेला बिल्डर यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. छोट्या मालकाला दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज मिळालेच पाहिजे. हिशेब दाखविण्याच्या बंधनातून मात्र कोणीही सुटता कामा नये.

भाडे दिल्याची पावती मिळणे हा महाराष्ट्रात भाडेकरूचा कायदेशीर हक्क आहे. तरी ती न मागणारे असंख्य आहेत. आपल्या शाखांनी वस्तीवस्तीत याच पावतीपासून कामाला आरंभ करावा. एकट्या भाडेकरूने हिशेब मागितला तर त्याला घर खाली करण्यास सांगितले जाते. साऱ्या चाळीने मिळून मागितला तर तो द्यावाच लागतो.