निकालावर शंका आहे? आधी उत्तरपत्रिका हातात घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे वस्त्यांमधून एकच प्रश्न येतो : "मार्क कमी वाटतात, पेपर पुन्हा तपासायला टाकू का?" बहुतेक घरांत उत्तरही ठरलेले असते : "जाऊ दे, नशिबात तेवढेच होते." नशीब न मानणाऱ्या आपल्या समाजात गुणपत्रिकेपुरते मात्र नशीब शिल्लक राहते. याचे खरे कारण श्रद्धा नसून पैसा आणि माहितीचा अभाव आहे, असे आम्हाला वाटते.

अलीकडच्या निकालांच्या वेळी राज्य मंडळाने घेतलेले शुल्क पाहा. गुणपडताळणी प्रति विषय ५० रुपये, छायाप्रत ४०० रुपये, पुनर्मूल्यांकन ३०० रुपये. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचे राहून गेलेले प्रश्न पाहिले जातात. उत्तराला दिलेले गुण योग्य की अयोग्य, हे पाहिले जात नाही. ते हवे असेल तर पुनर्मूल्यांकन करावे लागते, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घेणे सक्तीचे. म्हणजे एका विषयाचे ७०० रुपये, तीन विषयांचे २१००. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम म्हणजे काही दिवसांची मजुरी. त्यामुळे शंका सगळ्यांना येते, पण दाद मागते ते परवडणारे घर.

हा हक्कही सहज मिळालेला नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या मंडळाचीच बाजू उचलून धरली होती : उत्तरपत्रिका पाहण्याचा किंवा पुनर्मूल्यांकनाचा हक्क विद्यार्थ्याला नाही. माहिती अधिकार कायदा आल्यावर चित्र बदलले. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि विद्यार्थी ती मागू शकतो. माहिती अधिकारात एका पानाला दोन रुपये लागतात. पण उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते आणि मंडळाची अर्जाची मुदत साधारण दोन आठवड्यांची. स्वस्त रस्ता लांबचा, जवळचा रस्ता महाग.

मग निर्णय कसा घ्यावा? आमचा सल्ला असा :

१. एका विषयाचे गुण बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे असतील, किंवा एक-दोन गुणांवर काही अडले असेल, तरच पैसे घाला. अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. स्वाधार योजनेलाही टक्केवारीची अट आहे. अशा काठावर एक गुणही वर्ष वाचवतो.

२. आधी छायाप्रत घ्या आणि त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा. ते "गुण वाढायला हवेत" म्हणाले तरच पुढचे ३०० भरा. छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांतच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो, म्हणून शिक्षक आधीच गाठून ठेवा.

३. नापास असाल तर पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर थांबू नका. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरूनच ठेवा.

गुण म्हणजे आपली किंमत नव्हे. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण घेऊन. पण गुण हा प्रवेशाचा कागद आहे, आणि कागदात चूक असेल तर ती दुरुस्त करून घेणे हा हट्ट नव्हे.

मंडळाकडे आपली मागणी स्पष्ट हवी : दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थ्यांना छायाप्रत मोफत द्या, आणि पुनर्मूल्यांकनात गुण वाढले तर शुल्क परत करा. पण तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. जयंतीच्या वर्गणीतला छोटा वाटा बाजूला काढला, तरी एका वस्तीतल्या पाच-सात मुलांच्या छायाप्रती निघतात. निकालानंतरचे दोन आठवडे विहारात संध्याकाळी एक टेबल, ऑनलाइन अर्ज भरून देणारे दोन तरुण आणि गणित, विज्ञान, इंग्रजीचे तीन शिक्षक एवढे जमवा. पुढच्या निकालाआधी आपल्या विहाराच्या बैठकीत हा विषय घ्याच.