शाळेच्या कपाटाचे कुलूप

भिवंडीत यंत्रमाग कामगाराच्या एका खोलीत पुस्तकाला जागा कुठली? रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला, आई कामात. पोराने वाचायचे कुठे आणि काय? म्हणून शाळेचे ग्रंथालय आमच्याच मुलांना जास्त लागते. पण तिथे बहुधा एक कपाट असते आणि त्याला कुलूप! पुस्तक हरवले तर भरून कोण देणार, ही भीती. वाचून फाटले तर फाटू दे की!

चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या विद्यार्थी भीमरावांना केळुस्कर गुरुजींनी हेरले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. याच भीमरावांना शाळेत संस्कृत शिकू दिले नव्हते. पर्शियन घ्यावी लागली.

आज कुणा भल्या गुरुजींची वाट पाहायला नको. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे. त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेसुद्धा. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पण सभेला गेले तर रोज बुडतो, म्हणून आपली माणसे जात नाहीत.

भगिनींनो, पुढच्या सभेला गल्लीतून एकीने तरी जावे. कपाट कोणत्या वारी उघडते, पुस्तक घरी नेऊ देतात का, हे विचारावे. शेजारच्या उर्दू, तेलुगू बोलणाऱ्या पोरांसाठी त्यात काय आहे, तेही विचारावे.