रोक आली की फॉरमॅट मारू नका

कोरमंगलात राहायला आल्यापासून एक वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. संगणक बंद पडला, अडकला, रुसला, काहीही झालं तरी उत्तर एकच: 'सर, फॉरमॅट मारून टाकू.' ज्या वस्तीत प्रत्येक इमारतीत दोन तरी सॉफ्टवेअर इंजिनीअर सापडतात, जिथल्या एका फ्लॅटमधून २००७ मध्ये फ्लिपकार्ट सुरू झालं, तिथे बिघाडाचं कारण शोधण्याइतका वेळ कोणाकडे नसावा, ही गंमतच आहे. माझं मत स्पष्ट आहे. कारण न शोधता फॉरमॅट मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, पुरावा नष्ट करणं आहे. आणि त्याची किंमत बहुधा त्या खोलीतल्या सगळ्यात गरीब माणसाला मोजावी लागते.

फौजेतल्या वाचकांना हे एका शब्दात कळेल. फायरिंग चालू असताना एलएमजी थांबली तर आपण तिला 'रोक' म्हणतो. रोक आली की जवान फौरी इलाज करतो: कॉक, मॅगझीन काढ, बघ, मॅगझीन चढव, पुन्हा फायर. त्या क्षणी कारण शोधत बसायचं नसतं, समोर शत्रू असतो. पण तीच गन दर शुक्रवारी रेंजवर त्याच जागी अडकू लागली, तर कोणी फौरी इलाजावर समाधान मानत नाही. ती आर्मररकडे जाते. तो गॅस, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर सगळं तपासतो आणि काय सापडलं ते लिहून ठेवतो. कार्यालयांमध्ये मात्र आपण वर्षानुवर्षं फौरी इलाजच करत राहतो. बंद करा, चालू करा. नाहीच जमलं तर फॉरमॅट. आर्मरर कुठे दिसतच नाही.

आता प्रत्यक्ष प्रकरण. इथे माजी सैनिकांच्या कागदपत्रांना मदत करणारं एक छोटं कार्यालय आहे. नाव सांगत नाही, गरजही नाही. एजीपुऱ्याच्या बाजूला, त्या २०१७ पासून बांधायला घेतलेल्या उड्डाणपुलाच्या खांबांपासून फार लांब नाही. (त्या खांबांवर एक स्वतंत्र लेख होईल.) पाच संगणक, एक प्रिंटर, एक सामायिक फोल्डर, सगळं एका नेटवर्कवर. काम साधं पण नाजूक: 'स्पर्श'वरच्या पेन्शनच्या अडचणी, हयातीचा दाखला, आणि सगळ्यात डोकेदुखी म्हणजे नावातला फरक. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पीपीओत तिसरं. पार्ट टू ऑर्डरमध्ये पत्नीचं नाव नोंदलेलंच नाही, अशाही केसेस येतात. मी शनिवारी वेळ मिळेल तसा तिथे जाऊन बसतो.

तिथे मराठी मंडळी बरीच येतात. एमईजी, एएससी, सीएमपी, पॅरा यांची सेंटर्स याच शहरात, त्यामुळे निवृत्त होऊन इथेच स्थिरावलेले कोल्हापूर-सातारा-बेळगावचे अनेक जण आहेत. त्यांची पत्रं लिहितात एक निवृत्त सुभेदार क्लार्क. चंदगडकडचे, वय सत्तरच्या पुढे, टायपिंगचा वेग आजही तरुणांना लाजवेल असा. गेल्या वर्षी या सुभेदार साबांच्या मशीनवर वर्ड सारखं बंद पडू लागलं. पान अडकायचं, पांढरं व्हायचं आणि खिडकी गायब. इतरांच्या मशीनवरही व्हायचं, पण क्वचित. त्यामुळे निदान लगेच झालं: म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर झेपत नाही.

एकदा एक काकू आल्या. नवरा नाईक म्हणून निवृत्त झालेला, वारून काही महिने झालेले. गाव खानापूर तालुक्यातलं, आता मुलीकडे राहतात. फॅमिली पेन्शनसाठी नावाच्या फरकाचा अर्ज करायचा होता. त्या मराठीत सांगत होत्या, सुभेदार साब इंग्रजीत टाइप करत होते. लग्नाची तारीख, मुलांचे जन्म, नवऱ्याच्या पोस्टिंग, सगळं त्यांनी आठवून आठवून सांगितलं. वर्ड बंद पडलं. पुन्हा लिहायला घेतलं, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी काकू उठल्या आणि म्हणाल्या, "राहू दे साहेब, परत येते." सुभेदार साब काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी मला म्हणाले, "सर, मला आता मोकळं करा. माझ्यामुळे लोकांची कामं अडतात."

याच टप्प्यावर एका मदतनीस तरुणाने दोनदा फॉरमॅट मारला होता. मुलगा चांगला, हेतूही चांगला. दोन्ही वेळा आठवडाभर सगळं ठीक चाललं आणि मग रोक परत आली. आठवडाभर ठीक चाललं, म्हणून फॉरमॅट हाच उपाय आहे अशी सगळ्यांची खात्री पटली! मला उलट वाटत होतं. जो रोग आठ दिवस दबून परत येतो, तो बरा झालेला नसतो. त्या आठ दिवसांत काय वेगळं होतं, हे विचारायला हवं होतं.

उत्तर सुभेदार साबांच्या वहीत होतं. जुना क्लार्क डायरी लिहिणारच. प्रत्येक वेळी वर्ड बंद पडलं की त्यांनी तारीख, वेळ, कोणाचं मशीन, कोणतं पत्र, असं चार रकान्यांत लिहून ठेवलं होतं. कोणी मागितलं नव्हतं. आम्ही ती वही पुढ्यात घेतली तेव्हा दोन गोष्टी ठळक दिसल्या. बहुतेक नोंदी दुपारी एक ते अडीचच्या मधल्या. आणि पहिल्या मशीनची एकही नोंद नाही.

पहिल्या मशीनला प्रिंटर जोडलेला होता आणि तो नेटवर्कवर बाकीच्यांना वाटून दिलेला होता. ते मशीन चालवणारा गृहस्थ काटकसरी, जेवायला जाताना ते बंद करून जायचा. बाकीचेही जेवायला जायचे. सुभेदार साब मात्र डबा टेबलावरच उघडायचे आणि काम चालू ठेवायचे.

इथे वर्डबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. छापा म्हटल्यावरच वर्डला प्रिंटर आठवतो असं नाही. ओळ कुठे तुटेल, पान कुठे संपेल हे ठरवण्यासाठी ते ठरलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरला आधीच विचारतं. प्रिंटर ज्या मशीनवर आहे तेच बंद असेल तर वर्ड उत्तराची वाट बघत अडकू शकतं. आणि ड्रायव्हर जुना, सदोष असेल तर तो वर्डलाही घेऊन पडतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा प्रत्येक अपघाताची नोंद असते. बंद पडलेल्या प्रोग्रामचं नाव आणि त्याखाली दोषी मॉड्यूलचं नाव. आम्ही उघडून पाहिलं तर दोषी मॉड्यूल म्हणून एकच फाइल पुन्हा पुन्हा, प्रिंटरच्या ड्रायव्हरची. फॉरमॅट मारल्यावर आठ दिवस का बरं चालायचं तेही उलगडलं. प्रिंटर पुन्हा जोडायला कोणाला तरी आठवडा लागायचा.

तरीही एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. सुभेदार साबांच्या मशीनवर फक्त एकच बदल केला: ठरलेला प्रिंटर काढून त्या जागी पीडीएफ करणारा प्रिंटर लावला. शेजारचं मशीन तसंच ठेवलं आणि त्यावरही दुपारी काम करवून घेतलं. आठवडाभरात साबांचं मशीन एकदाही पडलं नाही, शेजारचं चारदा पडलं. मग अदलाबदल केली, तर रोकही जागा बदलून गेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सूत्र घाईत असलेल्या माणसाला पाळवत नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

वहीतल्या काही नोंदी मात्र दुपारच्या नव्हत्या. त्या सगळ्या एकाच पत्राच्या होत्या. नावाच्या फरकाच्या अर्जाचा जुना नमुना, वर्षानुवर्षं त्याच फाइलवर नवं नाव चढवून वापरलेला. ती फाइल कुठल्याही मशीनवर त्रास द्यायची. वर्डच्या फाइलमध्ये शेवटच्या परिच्छेदाच्या खुणेत मांडणीची बरीच माहिती साठलेली असते. फाइल बिघडली असेल तर ती शेवटची खूण सोडून बाकी मजकूर नव्या कोऱ्या फाइलीत नेऊन बघावा. आम्ही तसं केलं, फाइल सुतासारखी सरळ झाली. म्हणजे रोक एक नव्हती, दोन होत्या, एकीत दुसरी लपलेली.

काही जणांचा संशय मराठी फॉन्टवर होता. मी त्यांना हसलो नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने जगभरचे आयफोन हैराण केले होते. ते अक्षर मेसेजमध्ये आलं की ॲप बंद. आणि अक्षर कोणतं, तर आपलं 'ज्ञा'! ॲपलला त्यासाठी दुरुस्ती पाठवावी लागली. तेव्हा अक्षरावर संशय घेणं मूर्खपणा नाही, तपासल्याशिवाय शिक्षा देणं हा मूर्खपणा. आमच्या इथे फॉन्ट निर्दोष निघाले.

मोठ्या कंपन्यांचंही उदाहरण घ्या. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक झोपवले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. पण त्यांनी नंतर कारणमीमांसा प्रसिद्ध केली: एका ठिकाणी २१ रकाने अपेक्षित होते, पुरवले गेले २०. इतकी क्षुल्लक चूक, पण नेमकी सापडली आणि लिहिली गेली. 'कोणीतरी म्हातारा नीट चालवत नव्हता' असं त्यांनी लिहिलं नाही.

आपल्याकडे एखादं हत्यार हरवलं, गाडी उलटली की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. तिचं पहिलं काम माहिती गोळा करणं, दोषी ठरवणं नव्हे. पाच संगणकांच्या कार्यालयाला कोर्ट नको, पण चार रकान्यांची वही परवडते. कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणाकडे आहे? या शोधाला तीन शनिवार आणि अधली-मधली थोडी नोंद एवढंच लागलं. दोन फॉरमॅटमध्ये, पुन्हा सगळं बसवण्यात आणि हरवलेली पत्रं पुन्हा लिहिण्यात त्याहून जास्त गेलं होतं. आणि जो माणूस जेवणाच्या सुट्टीतही काम करत होता, नेमका त्यालाच आपण नालायक ठरवत होतो, याचा हिशेब वेगळाच.

आता प्रिंटर थेट नेटवर्कला जोडला आहे, नवा ड्रायव्हर आहे, पहिलं मशीन खुशाल बंद करा. फाइल आधी आपल्या डिस्कवर, मग सामायिक फोल्डरमध्ये. आपोआप जतन होण्याची मुदत दहा मिनिटांवरून दोनवर आणली. काकूंना सुभेदार साबांनी स्वतः फोन करून बोलावलं आणि अर्ज एका बैठकीत पूर्ण झाला. तो पुढे गेला आहे, उत्तर यायचं आहे. चौथ्या मशीनवर वर्ड अजूनही कधीतरी बंद पडतं, दुपारी नाही, आणि त्या जुन्या नमुन्यावरही नाही. कारण सापडलेलं नाही. परवा तो तरुण त्या मशीनसमोर पेनड्राइव्ह घेऊन बसला होता, तेव्हा साब त्याला म्हणाले, "बाळा, थांब. अजून सहाच नोंदी झाल्यात."