नाव गावाचे, पाते कोणाचे?

दक्षिण फ्रान्समधील ऑब्राकच्या पठारावर वसलेल्या लायोल या छोट्या गावाच्या रहिवाशांनी २०१२ मध्ये आपल्याच गावाच्या नावाची पाटी उतरवली. हे नाव १९९३ मध्ये बाहेरच्या एका व्यावसायिकाने व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले होते, आणि त्याविरुद्धची गावाची तक्रार पॅरिसच्या न्यायालयाने फेटाळली होती. ज्या गावाने जगाला एक चाकू दिला, त्याच गावाला स्वतःचे नाव घेण्याची चोरी झाली, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. पुढे २०१९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांपैकी अनेक नोंदी रद्द केल्या. तथापि या प्रकरणातून उभा राहिलेला मूळ प्रश्न कोर्टकचेरीने सुटणारा नाही. जुन्या घडीच्या चाकूंचा संग्रह करणारा रसिक नेमके कशाचे मोल करतो, नावाचे की कामाचे, हा तो प्रश्न होय.

लायोलचा चाकू १८२९ च्या सुमारास जन्माला आला, तो गुराख्यांची गरज म्हणून. त्याला पुढे जोडलेला टोचा पोट फुगलेल्या जनावराच्या पोटातील वायू मोकळा करण्यासाठी होता. १८८० च्या आसपास त्यात बूच काढण्याची मळसूत्री फिरकी आली. चाकूचे प्रत्येक अंग असे कोणत्या ना कोणत्या कामातून फुटलेले आहे. स्प्रिंगवरील प्रसिद्ध मधमाशी नेपोलियनने बहाल केली, ही कथा मात्र दंतकथाच. दुकानदारांना ती सोयीची आहे, एवढेच तिचे महत्त्व.

गावाचा कैवार घेणाऱ्यांना अडचणीची वाटणारी आणखी एक गोष्ट इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लायोलमधील चाकूंचे कारखाने जवळजवळ थंडावले. हा घाट जिवंत ठेवला तो तिएर या शहराने. द्युरोल नदीच्या पाण्यावर तेथे काही शतके सहाणी फिरत होत्या. धार लावणारे कारागीर त्या सहाणींवर फळीवर पालथे पडून काम करीत आणि गारठा असह्य होऊ नये म्हणून पायांवर कुत्री बसवीत. लायोलमध्ये चाकूंचे उत्पादन पुन्हा जोमाने सुरू झाले ते १९८० च्या दशकात. मग हा वारसा कोणाचा? ज्याने बीज पेरले त्याचा, की ज्याने दुष्काळात रोप जगविले त्याचा? फ्रान्सने २०१४ च्या कायद्याने कारागिरीच्या वस्तूंनाही भौगोलिक ओळख देण्याची सोय केली. २०२२ मध्ये दोन्ही प्रदेशांना एकत्र मान्यता मिळाली, तेव्हा ऑब्राकच्या कारागिरांनी तीस कडाडून विरोध केला. त्यांची वेदना खरी आहे. परंतु तिएरच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम पुसून उभारलेली शुद्धता ही न्याय्य म्हणता येणार नाही. खरा झगडा या दोन गावांत नाहीच. तो या दोघांत आणि कोठेतरी स्वस्तात बनवून त्यावर केवळ नाव उमटविणाऱ्या व्यापारात आहे.

येथे संग्राहकाची जबाबदारी येते. नावावर भाळणारा ग्राहकच नकली मालाचा खरा पोशिंदा असतो. उलट जाणकार मनुष्य चाकू हातात घेऊन उघडमीट करतो, मधमाशी स्प्रिंगच्याच पोलादातून घडविली आहे की वरून चिकटविली आहे हे पाहतो, मुठीचे सांधे बोटाने चाचपतो. हा चाकू आरंभापासून अखेरपर्यंत एकाच कारागिराने जुळविला काय, असे विचारतो. अशी विचारणा करणारी गिऱ्हाइके वाढली, तर कायद्याचे अर्धे काम आपोआप होईल.

याचा अर्थ महाग तेच अस्सल, असा मुळीच नव्हे. साव्हाय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये बनविलेला चाकू म्हणजे लाकडाची साधी मूठ आणि एक पाते. १९५५ मध्ये पाते जागच्या जागी रोखणारे कडे त्यास जोडले गेले. हा चाकू आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८५ मध्ये उत्तम रचनेच्या वस्तूंत त्याची गणना केली. त्याचे कार्बन पोलादाचे पाते गंजते, काळवंडते. पुसून ठेवणाऱ्या हाताची त्याला गरज लागते, आणि आपुलकी जडते ती त्यातूनच.

संग्रहाची कपाटे निरुपयोगी आहेत, असे कोणी म्हणणार नाही. कित्येक जुने घाट त्यांमुळेच टिकले. शिवाय आजच्या फ्रान्समध्ये सबळ कारणाशिवाय चाकू जवळ बाळगणे गुन्हा ठरत असल्याने खिशातला चाकू घरात राहणार, हेही उघड आहे. परंतु घरातही भाकरी असते, चीज असते, फळे असतात. ज्या पात्याने कधी काही कापले नाही, त्याची धार कशी आहे हे त्याच्या मालकालाही ठाऊक नसते. तशी धार ठेवणारा कारागीरही मग दोन-तीन पिढ्यांत नाहीसा होतो, कारण त्याच्या कामाची परीक्षा घेणारा कोणी उरत नाही. गावाची पाटी पुन्हा खांबावर चढविता येते. सहाणीवरून उठून गेलेला माणूस परत आणता येत नाही. जतन करावयाचे ते त्याला.