फोनची वीज आता आपल्या गळ्यात



घरोघरी फोनची जुनी तांब्याची तार जाऊन फायबरची लाईन येते आहे. नंबर तोच राहतो, आवाज स्वच्छ येतो, वर नेटही मिळते. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती लाईन जोडताना सांगितली जात नाही त्या गोष्टीबद्दल. या फोनला वीज आता आपण पुरवायची असते.

जुन्या फोनला घरात प्लग होता का? त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेने यायची. तिथे बॅटऱ्या असायच्या, जनरेटर असायचा. त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. म्हणून भिंतीवर एक डबा बसवतात आणि त्याचा अडॅप्टर आपल्या बोर्डाला लावतात. लाईट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन मुका. एक्स्चेंजच्या खात्यावरचा खर्च आपल्या खात्यावर आला, आणि बिलावर त्याची एक ओळही नाही. मी कॉमर्सची, मला असा हिशेब पटत नाही.

जोडणीला आलेल्या मुलाला मी विचारले, "लाईट गेल्यावर काय?" तो म्हणाला, "काकू, मोबाईल आहे ना!" घरची मुलेही हेच सांगतात. महाबळेश्वरात हे उत्तर चालत नाही. २०२१ च्या जुलैत २२-२३ तारखेच्या चोवीस तासांत इथे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. त्याच दिवसांत खाली कोकणात चिपळूण बुडाले, आणि तिथे विजेबरोबर मोबाईलही गेले. टॉवरलाही वीजच लागते. त्याच्या बॅटऱ्या संपल्या आणि डिझेल पोहोचले नाही, तर तोही गप्प होतो. फोनची खरी गरज अशाच रात्री पडते. झाड पडून लाईनच तुटली तर आपण काही करू शकत नाही, हे मान्य. पण नुसती लाईट गेली म्हणून चांगली लाईन बंद का राहावी?

ब्रिटनमध्ये जुन्या लाईन जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायच्या आहेत. ज्यांचा आधार फक्त घरचा फोन आहे, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तातडीचा फोन लागेल अशी सोय कंपनीने द्यावी, असे तिथला नियामक सांगतो. आपण निदान विचारायला तरी का लाजावे?

खर्च फार नाही. डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुधा १२ व्होल्ट असतात. त्याच मापाचा राउटरचा छोटा यूपीएस घ्या. डबा १० वॅट घेत असेल तर चार तासांना ४० वॅट-तास लागतात. बॅटरी त्याहून मोठी हवी. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्याच्या लाईनवर आहे का, इलेक्ट्रिशियनला विचारा. फोन साधा वायरचा ठेवा, कारण कॉर्डलेसच्या स्टँडला वेगळी वीज लागते. मग मेन स्विच बंद करून स्वतः एक फोन लावून बघा. आणि ११२, महावितरणचा १९१२, डॉक्टर, शेजारी हे नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा.

"हे टेक्निकल काम आहे, मुलगा पुण्याहून आला की बघेल," असे म्हणू नका. पावसाळ्याआधी घराला झडी बांधून घेणे, धान्य भरणे हे आपण मुलाची वाट बघत ठेवत नाही. लाईट जाते तेव्हा घरात आपण असतो.

लाईन बदलायला माणूस आला तर सही करण्याआधी विचारा, "वीज गेल्यावर हा फोन किती तास चालेल?" उत्तर लिहून मागा. आणि चातुर्मासाआधी आपल्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरीही एकदा मेन स्विच बंद करून बघा. त्यांना हे कोणी सांगितलेले नसेल.